बारावीला गुण भरपूर, पण फी आवाक्याबाहेर: शिष्यवृत्ती कुठे आणि कधी शोधायची

बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि मग घरात शिष्यवृत्तीचा विषय निघतो. तेव्हा अगदी उशीर झालेला नसतो, पण होत आलेला असतो. कारण हुशार मुलाला मिळणारा सगळ्यात मोठा पैसा आपल्याकडे बक्षीस म्हणून खात्यात येत नाही. तो कॉलेजातल्या जागेतच दडलेला असतो. कोणती जागा घेतली, कोणत्या मार्गाने घेतली आणि त्या दिवशी हातात कोणता दाखला होता, यावर चार वर्षांत लाखभर वाचतील की पाच लाख, हे ठरतं. खात्यात येणाऱ्या शिष्यवृत्त्या त्यानंतर. त्याही सोडायच्या नाहीत, पण क्रम हाच.

खाली दिलेल्या रकमा आणि मर्यादा मुख्यतः महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. अर्ज भरताना त्या वर्षीची अधिसूचना एकदा उघडून बघाच. मर्यादा अधूनमधून बदलतात.

आधी घरच्या उत्पन्नाचा आकडा

'आपल्या मुलीला ९४ टक्के आहेत, तिला काय मिळेल?' हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न. केवळ गुणांवर, उत्पन्न न बघता मिळणाऱ्या योजना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बाकी सगळीकडे गुण आणि उत्पन्न दोन्ही लागतात.

म्हणून आधी आपण कोणत्या पायरीवर आहोत ते बघा. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आणि खासगी न्यासांकडे प्राधान्य. साडेचार लाखांपर्यंत केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती. पाच लाखांपर्यंत आयआयटी-एनआयटीतली दोन तृतीयांश शिकवणी शुल्कमाफी. आठ लाखांपर्यंत टीएफडब्ल्यूएस (शिकवणी शुल्क माफ असलेल्या जागा), राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती, मुलींची शुल्कमाफी आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती. आठ लाखांच्या वर गेलात की सरकारी दारं बहुतेक बंद होतात. मग उरतात इन्स्पायर ही केंद्राची मूलभूत विज्ञानाची शिष्यवृत्ती, विद्यापीठांच्या स्वतःच्या सवलती आणि काही खासगी योजना.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो सरलेल्या आर्थिक वर्षाचा हवा. म्हणजे बारावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच 'आपले सरकार'वर अर्ज टाका. निकालानंतर सगळा तालुका एकदम सेतू केंद्रावर उतरतो. पगारदारांना फॉर्म १६ पुरतो, शेती किंवा धंदा असेल तर तलाठ्याचा अहवाल लागतो आणि त्यातच दिवस जातात. दाखला हातात पडला की त्यावरचं आर्थिक वर्ष तिथेच वाचा. चुकीच्या वर्षाचा दाखला पोर्टल मुकाट स्वीकारतं. मग तो छाननीत परत येतो.

टीएफडब्ल्यूएस: 'टी'ने संपणारा कोड

अभियांत्रिकीला जाणाऱ्या, चांगले पर्सेंटाइल असलेल्या आणि आठ लाखांच्या आतल्या मुलासाठी याहून मोठी गुणवत्ता शिष्यवृत्ती महाराष्ट्रात क्वचित सापडेल. पण नावात शिष्यवृत्ती नसल्यामुळे बरेच पालक तिच्याकडे बघतच नाहीत.

मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा अशा असतात की ज्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ. संगणक अभियांत्रिकीच्या ६० जागा असतील तर त्यावर ३. या तीन जागा निव्वळ गुणवत्तेने, राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतूनच भरतात. माफी पूर्ण अभ्यासक्रमभर राहते. विकास शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह मात्र भरावं लागतं, म्हणून 'फुकट जागा' असं समजून जाऊ नका. कॉलेजच्या शुल्कपत्रकात शिकवणी शुल्क आणि इतर शुल्क वेगवेगळे दाखवलेले असतात, ते बघूनच हिशोब करा.

आता ऑप्शन फॉर्म. त्याच कॉलेजच्या त्याच शाखेला दोन चॉइस कोड असतात, एक साधा आणि एक शेवटी 'टी' असलेला. हा 'टी' कोड तुम्ही वेगळा पर्याय म्हणून भरला तरच त्या जागेसाठी तुमचा विचार होतो. तो आपोआप लागत नाही. आणि भरताना 'टी' कोड साध्या कोडच्या वर ठेवायचा. उलटं केलंत तर काय होईल? समजा तिसऱ्या क्रमांकावर साधा कोड आणि चौथ्यावर 'टी' कोड आहे. गुण दोन्हींना पुरतात. यंत्रणा वरून खाली येते, तिसरा मिळाला की थांबते. चौथ्याकडे ती बघतही नाही. एका ओळीच्या अदलाबदलीत चार वर्षांची फी गेली.

आणखी दोन गोष्टी. अर्ज नोंदवताना टीएफडब्ल्यूएससाठी पात्र असल्याची नोंद करावी लागते आणि उत्पन्नाचा दाखला त्याच वेळी जोडावा लागतो. कागदपत्र पडताळणीची मुदत उलटली की हा दावा गेला. दुसरं, या जागेवर प्रवेश घेतल्यावर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. त्यामुळे केवळ फी वाचते म्हणून नको असलेली शाखा घेऊ नका. एका पायरीने कमी नावाजलेलं कॉलेज आणि हवी ती शाखा मिळत असेल तर आमच्या मते 'टी' जागा घ्यावी. तीन पायऱ्या खाली जावं लागत असेल तर नाही.

जागा मिळेल का याचा अंदाज मागच्या वर्षीच्या कटऑफमधून घ्या, पण खुल्या गटाच्या रकान्यातून नव्हे. टीएफडब्ल्यूएसचा वेगळा आकडा दिलेला असतो आणि नामांकित कॉलेजांत तो बहुतेक वेळा खुल्या गटापेक्षाही वर असतो.

'टी' जागा हुकली तर

मग राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात. महाराष्ट्राचे रहिवासी, उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिकवणी शुल्काची निम्मी रक्कम शासन भरतं. कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच लाभ. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून निम्म्याऐवजी पूर्ण शिकवणी व परीक्षा शुल्काची सवलत आहे. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर. वसतिगृहात किंवा बाहेर राहून शिकणाऱ्यांनी त्याच पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही बघावा. तो राहण्याजेवण्यासाठी आहे, त्यामुळे फीच्या योजनेशी त्याची टक्कर होत नाही.

व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलात तर यातलं काही मिळत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही या योजनांच्या बाहेर आहेत. ऑगस्टमध्ये हे कळून उपयोग नसतो.

प्रवेशाच्या वेळी एखादं कॉलेज पूर्ण फी मागतं आणि 'शासनाचे आले की परत करू' म्हणतं. भरावीच लागली तर पावतीवर शिकवणी शुल्क आणि इतर शुल्क वेगळं लिहून घ्या. एकगठ्ठा रकमेच्या पावतीवर पुढे परताव्याचा हिशोब करता येत नाही.

आयआयटी आणि एनआयटी

इथे शिष्यवृत्ती शोधत बसण्यापेक्षा माफीचा हिशोब आधी करा. आयआयटीत बी.टेक.चं शिकवणी शुल्क वर्षाला २ लाख रुपये आहे. उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफी, १ ते ५ लाखांत दोन तृतीयांश माफी; अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना उत्पन्न न बघता पूर्ण माफी. म्हणजे चार लाख उत्पन्न असलेल्या घराला २ लाखांऐवजी वर्षाला साधारण ६७ हजार, चार वर्षांत ५ लाख ३३ हजारांचा फरक. एनआयटीत मूळ शुल्क वर्षाला सव्वा लाख, माफीचे टप्पे तसेच. वसतिगृह आणि मेसचा खर्च यात धरलेला नाही.

केंद्राची शिष्यवृत्ती: पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

दरवर्षी देशभर ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दरसाल १२,००० रुपये, चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला २०,०००. चार वर्षांच्या पदवीला एकूण ५६,००० होतात, बी.एस्सी. किंवा बी.कॉम.च्या तीन वर्षांना ३६,०००. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, ज्याला सगळे एनएसपी म्हणतात. नियमित पदवी हवी. पदविका आणि दूरशिक्षण चालत नाही.

अट आहे आपल्या मंडळात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असण्याची. याचा अर्थ ८० टक्के गुण असा लावून निम्मे लोक चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. पर्सेंटाइल म्हणजे त्याच शाखेच्या शंभर उत्तीर्णांत ऐंशी जण तुमच्या मागे आहेत. त्यामुळे कटऑफचे गुण दर मंडळाला, दर शाखेला, दर वर्षाला वेगळे. कला शाखेच्या ७६ टक्केवाल्या मुलीने स्वतःला बाद ठरवू नये, मंडळाचा त्या वर्षीचा कटऑफ आधी बघावा. कटऑफ पार केला म्हणजे शिष्यवृत्ती पक्की असंही नाही. कटऑफच्या वरच्या अर्जदारांतून जागांपुरती गुणवत्ता यादी लागते.

आणि यातली मेख. ही शिष्यवृत्ती घेताना दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती, राज्याची शुल्कमाफी आणि शुल्क प्रतिपूर्ती धरून, घेता येत नाही. तेव्हा तुलना करा. शिकवणी शुल्क १ लाख २० हजार असलेल्या कॉलेजात ईबीसी वर्षाला ६० हजार वाचवते, तिथे १२ हजारांच्या मागे लागून घोटाळा करू नका. अनुदानित कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्याची फीच मुळात कमी, त्याच्यासाठी मात्र केंद्राचे १२ हजार फायद्याचे. दोन्हीकडे अर्ज करून 'जे आधी येईल ते' हा विचार महागात पडतो: पुढे आधार क्रमांकावरून दुहेरी लाभ पकडला जातो आणि वसुली लागते.

इन्स्पायर: शुद्ध विज्ञानाला जाणार असाल तर पहिली हीच बघा

उत्पन्नाची अट नाही. मंडळाच्या बारावीत वरच्या एक टक्क्यात असाल, किंवा जेईई ॲडव्हान्स्ड अथवा नीटमध्ये पहिल्या दहा हजारांत असून मूलभूत विज्ञानाची पदवी घेत असाल, तर वर्षाला ८०,००० रुपये: ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला १ लाख ८० हजार हातात, पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला ३ लाख. अभियांत्रिकी आणि वैद्यकीयला नाही.

अडचण विषयाच्या नावाशी येते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूगर्भशास्त्र असे ठरलेले विषय चालतात. बी.एस्सी. संगणकशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान चालत नाही. एक टक्क्यात बसलेल्या मुलाने 'सगळं विज्ञानच की' म्हणून जैवतंत्रज्ञान घेतलं तर हे पैसे गेले. अर्थात जैवतंत्रज्ञानच करायचं असेल तर करावं. फक्त किंमत ठाऊक असू द्या. मंडळ पात्र विद्यार्थ्यांसाठी ॲडव्हायजरी नोट देतं, ती उतरवून घ्या. प्राचार्यांच्या सहीचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यातच लागतं, कॉलेजच्या लेटरहेडवरचं साधं बोनाफाइड पुरत नाही.

जुन्या याद्यांत अजून एनटीएसई आणि केव्हीपीवाय या शिष्यवृत्ती परीक्षा दिसतात. एनटीएसई २०२१ पासून थांबलेली आहे आणि केव्हीपीवाय इन्स्पायरमध्ये विलीन झाली. ही दोन नावं ज्या यादीत चालू म्हणून दिसतील ती यादी बाजूला ठेवा.

खासगी विद्यापीठाची '५० टक्के स्कॉलरशिप'

ही बहुतेक वेळा सवलत असते, आणि सवलत म्हणूनच तिचा हिशोब करावा. समजा शिकवणी शुल्क ३ लाख, दरवर्षी १० टक्के वाढ, आणि ५० टक्के सवलत फक्त पहिल्या वर्षी. पहिल्या वर्षी दीड लाख, मग ३,३०,०००, मग ३,६३,०००, मग ३,९९,३००. एकूण १२,४२,३००. शेजारी १,८०,००० स्थिर फी असलेलं, एक रुपयाही शिष्यवृत्ती न देणारं कॉलेज चार वर्षांत ७,२०,००० घेतं. पहिल्या वर्षाच्या पावतीवर मात्र पहिलंच स्वस्त दिसतं.

प्रवेश विभागाला चार प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. सवलत कोणत्या शुल्कावर आहे, फक्त शिकवणी की सगळं? किती वर्षं? टिकवायला किती सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची सरासरी श्रेणी, लागतो, आणि तो एका सत्रात घसरला तर सवलत कायमची जाते की पुढच्या वर्षी परत मिळते? शुल्कवाढीची कमाल मर्यादा किती? चौथ्या प्रश्नावर उत्तर गुळमुळीत आलं तर दरवर्षी दहा टक्के वाढ धरून चाला. सवलतीला ८.५ सीजीपीएची अट असेल तर तुमच्या शाखेत मागच्या वर्षी कितीजणांनी ती टिकवली, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. खरा आकडा तिथे कळतो.

खासगी न्यास आणि पालकांच्या कामाशी जोडलेल्या योजना

रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पहिल्या वर्षाच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यासाठी आहे. पूर्ण पदवीसाठी मिळून २ लाखांपर्यंत, बारावीला किमान ६० टक्के, उत्पन्न १५ लाखांच्या आत आणि एक ऑनलाइन कल चाचणी. चाचणी टाळली की अर्ज बाद, आणि गुणांच्या भरवशावर ती टाळणारे बरेच असतात. कोटक कन्या शिष्यवृत्ती व्यावसायिक पदवीच्या मुलींना वर्षाला दीड लाखापर्यंत देते. पुण्याची लीला पूनावाला फाउंडेशन ठरावीक जिल्ह्यांतल्या मुलींना निवडते. अशा ठिकाणी मुलाखत होते. मुलाखतीत 'गरज किती' हे आकड्यांत सांगता आलं पाहिजे: वर्षाची फी इतकी, राहणं इतकं, घरून इतके जमतात, कमी इतके पडतात. एका कागदावर हे लिहून न्या.

सगळ्यात दुर्लक्षित भाग पालकांच्या नोकरीचा. माजी सैनिकांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत महिन्याला मुलींना ३,०००, मुलांना २,५०० रुपये मिळतात, बारावीला ६० टक्के लागतात. नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या मुलांना बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडून अभियांत्रिकी व वैद्यकीयसाठी मोठी मदत मिळते, पण पालकांची नोंदणी चालू हवी. नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करून घ्या. कारखान्यात किंवा दुकानात काम करणाऱ्यांच्या पगारपत्रकावर कामगार कल्याण निधीची कपात दिसते का बघा. दिसत असेल तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी विचारा.

शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. सरकारी पोर्टलवर अर्जाला शुल्क नसतं, सेतू केंद्र घेतं ते टंकन आणि स्कॅनिंगचं.

पैसा मंजूर होऊनही खात्यात का येत नाही

दोन कारणं वरचेवर येतात. पहिलं, नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी; कुठे वडिलांचं पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर; इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त. एनएसपीवर एकदाच करायच्या नोंदणीत, म्हणजे ओटीआरमध्ये, नाव आधारप्रमाणे घेतात. त्यामुळे आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक बारावीच्या वर्षातच गुणपत्रिकेशी जुळवून घ्या. जुलैत आधार केंद्रावर गेलात तर दुरुस्ती होईपर्यंत मुदत सरते.

दुसरं कारण बँक. खात्याला आधार 'लिंक' असणं आणि थेट लाभासाठी 'सीड' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे जातात ते एनपीसीआय या बँकांच्या देयक महामंडळाच्या नोंदीत आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि अशी नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. अर्जात तुम्ही एका बँकेचं खातं लिहिता, पण मधल्या काळात मोबाइलवर दुसरं खातं उघडताना संमतीच्या चौकोनात टिचकी मारलेली असते. नोंद तिकडे सरकते, आणि पैसेही तिकडेच. 'माय आधार' संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती बघा; तिथे बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' शब्द दिसला पाहिजे. नसेल तर शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि आठवड्याने पुन्हा तपासा. खातं विद्यार्थ्याच्याच नावावर हवं, वडिलांच्या नाही.

अर्ज सबमिट झाला म्हणजे काम संपलं असं नाही. तो आधी कॉलेजच्या टेबलावर जातो. तिथल्या कारकुनाने पुढे पाठवला नाही तर मुदत संपल्यावर तो तिथेच मरतो. दर आठवड्याला लॉगिन करा. महाडीबीटीवर 'सेंड बॅक' किंवा एनएसपीवर 'डिफेक्टिव्ह' दिसलं तर त्याला दुरुस्तीसाठी मोजकेच दिवस असतात. शेरा वाचा, तेवढाच कागद बदला, पुन्हा पाठवा आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन अर्ज क्रमांक सांगून या.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरण स्वतः करावं लागतं. केंद्राच्या शिष्यवृत्तीला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, इन्स्पायरला दरवर्षीची गुणपत्रिका चढवावी लागते. विद्यापीठाचा निकाल रखडला तर नूतनीकरणाच्या मुदतीत गुणपत्रिका हातात नसते. अशा वेळी ऑनलाइन निकालाच्या प्रतीवर प्राचार्यांची सही-शिक्का घेऊन ठेवा आणि ती चालेल का हे कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याला मुदतीच्या आधी विचारा.